नामवंतांची वाद्यं, दानाचे लिलाव आणि डोळे पांढरे करणाऱ्या किमती

खर्जातला (धागाकर्ता)

२० जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावघरात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवाल्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. आधी छापलेला अंदाज होता एक ते दीड लाख डॉलर. त्या दिवशी त्याने शंभराच्या वर गिटारी विकायला काढल्या होत्या. सगळ्या मिळून २ कोटी १४ लाख डॉलरच्या वर आले आणि ती रक्कम त्याने क्लायंटअर्थ या संस्थेला देऊन टाकली. पर्यावरणासाठी कोर्टकचेऱ्या करणाऱ्या वकिलांची ही संस्था.

अशा बातमीखाली दोनच प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, 'लोकांकडे पैसा उतू चाललाय'. दुसरी, 'काय दिलदार माणूस आहे घेणारा'. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा.

आधी त्या गिटारीबद्दल थोडं. १९७० साली न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतलेली, कारखान्यात बनलेली गिटार. मूळ रंगावर आधीच काळा रंग मारलेला. पुढे गिल्मरने तिची मान बऱ्याचदा बदलली, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी तुकडे) बदलले, सूर थरथरवायची जी दांडी असते ती हाताला बरी पडावी म्हणून कापून आखूड केली. मधली कित्येक वर्षं ती डॅलसच्या हार्ड रॉक कॅफेत शोभेला होती. २००५ च्या लाइव्ह एट या मैफलीला चारही फ्लॉइड एकत्र आले तेव्हा पुन्हा त्याच्या गळ्यात दिसली. सांगायचा मुद्दा, कारागिरी म्हणून ही काही अद्वितीय वस्तू नव्हे. तिची हुबेहूब प्रत फेंडर कंपनी २००८ पासून गिल्मरच्या नावाने विकते आहे.

म्हणजे चाळीस लाख लाकडाचे नाहीत, हे उघड आहे. पण ते दानाचेही नाहीत. घेणारा होता जिम अर्से, इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक. त्याने पैसे मोजले आणि बदल्यात वस्तू घेतली. उद्या विकली असती तर पैसे त्याच्याच खिशात गेले असते. ज्याच्या हातातून काहीतरी गेलं आणि बदल्यात काहीच आलं नाही असा माणूस त्या सभागृहाच्या हिशेबात एकच, तो गिल्मर. माझं म्हणणं एवढंच की अशा लिलावात दाता हा वाद्य देणारा असतो. घेणारा गिऱ्हाईक असतो. त्याला संतही म्हणू नका आणि उधळ्याही म्हणू नका.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं उदाहरण घ्या. स्वतः व्यसनातून बाहेर पडल्यावर त्याने कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर क्रॉसरोड्स नावाचं व्यसनमुक्ती केंद्र काढलं. त्यासाठी १९९९ मध्ये त्याने शंभर गिटारी क्रिस्टीजकडे दिल्या, त्यांचे जवळपास ५० लाख डॉलर आले. २००४ मध्ये पुन्हा लिलाव, या वेळी ७० लाखांच्या वर. त्यात 'ब्लॅकी' होती. १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून त्याने जुन्या स्ट्रॅट (म्हणजे स्ट्रॅटोकास्टर) स्वस्तात उचलल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून ही एक केली. ती ९,५९,५०० डॉलरला गेली. घेतली कोणी? गिटार सेंटर या दुकानांच्या साखळीने. मग फेंडरला हाताशी धरून तिच्या २७५ नकला काढल्या, अगदी ओरखड्यांसकट, आणि त्या हातोहात खपल्या. आता ते साडेनऊ लाख दानाच्या खात्यात लिहायचे की जाहिरातीच्या, तुम्हीच सांगा. क्रॉसरोड्सला मात्र काही फरक पडत नाही, त्यांना पैसे मिळाले.

तुमची मतं वाचायला आवडतील. 'पैसा असता तर तुम्ही कोणाचं वाद्य घेतलं असतं' हा प्रश्नही चालेल.

बेसुरा_मी

विषय छान, पण तुम्ही गिऱ्हाइकाला फार स्वस्तात सोडलंत. पर्यावरणाची एवढी कळकळ होती तर सरळ चेक फाडायचा होता. संस्थेला चाळीस लाख थेट मिळाले असते, लिलावघराला मधे दलाली नाही, गिटार गिल्मरकडेच राहिली असती. कुणी रोखलं होतं?

खर्जातला

@बेसुरा_मी, कुणीच नाही. पण त्याला क्लायंटअर्थची कळकळ होतीच कशावरून? त्याला गिटार हवी होती. जो पैसा एरवी एखाद्या विंटेज मोटारीकडे नाहीतर चित्राकडे गेला असता, तो गिल्मरने वाटेत अडवून संस्थेकडे वळवला. दानाचा लिलाव म्हणजे दानत नसलेल्या पैशाला कामाला लावायची युक्ती. दानशूर माणसाला लिलाव लागतच नाही.

स्वरांगण

+१. शेवटचं वाक्य वाचनखूण म्हणून साठवलं.

कोकणी_फणस

यात एवढं परकं काय आहे? आमच्या गावच्या जत्रेत देवीच्या ओटीची साडी आणि मानाचा नारळ लिलावात निघतो. नारळ बाजारात कितीला मिळतो ते बोली लावणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तरी मुंबईहून आलेला चाकरमानी आणि गावातला वाळूवाला इरेला पेटतात, आणि आकडा कुठल्या कुठे जातो. लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीचाही दरवर्षी लिलाव होतो, तिथेही लोक वजनाच्या भावावर थांबत नाहीत. पैसे देवाचे, वस्तू घरात, आणि सगळ्या गावासमोर नाव. तिन्ही एकदम. यातलं शेवटचं काढून टाका, मग बघा किती बोली लागते.

बेसुरा_मी

फणसराव, नारळात निदान भाव असतो हो! देवीचा प्रसाद आणि रॉकवाल्याची गिटार एकाच पारड्यात?

कोकणी_फणस

गिल्मरच्या भक्तांना विचारून बघा, पारडं सारखंच भरेल. ह.घ्या.

हिशेबनीस

धागाकर्त्याचं म्हणणं करकायद्यालाही मान्य आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

अमेरिकेत दानाच्या लिलावात घेतलेल्या वस्तूची पूर्ण रक्कम देणगी म्हणून दाखवता येत नाही. बाजारभावाच्या वर जेवढे दिले तेवढ्यावरच सवलत मागता येते, तीही तो बाजारभाव तुम्हाला आधी माहीत होता हे दाखवता आलं तर. आता गिल्मरच्या गिटारीचा बाजारभाव काय? खुल्या लिलावात दोघं भांडून जिथे थांबले तोच. म्हणजे वरचे असे उरतातच किती?

आपल्याकडेही ८०जी म्हणून आपण जी सवलत ओळखतो ती देणगीला आहे, खरेदीला नाही. बदल्यात बॅट, गिटार, चित्र काही घरी आलं की ती खरेदी. शिवाय वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला सवलत नाही, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर विषयच संपला. आमच्या कचेरीत दरवर्षी एक तरी अशील लिलावातल्या फ्रेमची पावती घेऊन येतो आणि माझ्याकडे मीच नियम केल्यासारखा बघतो.

टेम्सकाठची

मी क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या वस्तूंचं प्रदर्शन पाहिलंय, म्हणून लिहिते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सदबीजने लंडनला न्यू बाँड स्ट्रीटवर लिलावाआधी महिनाभर सगळं फुकट बघायला खुलं ठेवलं होतं. रांग कोपरा वळून मागच्या गल्लीत गेली होती. माझ्या पुढे एक आजी होत्या, हातात घडीची खुर्ची घेऊन आलेल्या.

पियानो बघितला तो लक्षात राहिला. काळा यामाहा बेबी ग्रँड, १९७५ मध्ये घेतलेला. झाकण आरशासारखं, वर ना पेल्याचा डाग ना सिगरेटचा चटका. फ्रेडी त्याच्यापाशी सिगरेट ओढत नसे आणि कुणाला वर ग्लास ठेवू देत नसे, असं त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिनने सांगितलं होतं. सगळं घर तिच्याच नावावर केलेलं, विकायला काढणारीही तीच.

आता गंमत ऐका. पियानोचा अंदाज होता २० ते ३० लाख पौंड, गेला १७ लाख ४२ हजारांना. म्हणजे अंदाजाच्या खाली. आणि चांदीची सापाची बांगडी, जिचा अंदाज दहा हजाराच्याही आत होता, ती गेली ६ लाख ९८ हजारांना! ज्या वाद्यावर त्याने गाणी रचली त्याला गिऱ्हाईक कचरलं आणि बांगडीवर तुटून पडलं. मला वाटतं पियानो ठेवायला घर लागतं, बांगडीला हात पुरतो.

सगळा लिलाव मिळून जवळजवळ ४ कोटी पौंडांचा झाला. त्यातला 'काही भाग' मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट आणि एल्टन जॉनच्या एड्स संस्थेला.

पाचगणीकर

फ्रेडीचं नाव निघालं आणि मी गप्प बसलो तर टेबललँडवरची घोडी मला माफ करणार नाहीत. हा झांझिबारचा पारशी पोरगा फारुख बलसारा आमच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला होता. पियानो तिथेच शिकला, शाळेतल्या पोरांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड होता त्यात तो वाजवायचा. लंडनला पियानोभोवती रांगा लागल्या आणि इथे येणारे नव्वद टक्के पर्यटक स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाऊन परत जातात. जाऊ दे. लिलावाबद्दल मत असं की पियानो स्वस्तात गेला याचं मला वाईट वाटलं, का ते सांगता येणार नाही. माझे थोडेच पैसे अडकले होते!

खर्जातला

@टेम्सकाठची, तुमचा 'काही भाग' अवतरणात आहे ते बरं केलंत. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. गिल्मरने सगळे दिले. डायर स्ट्रेट्स बँडच्या मार्क नॉप्फलरने जानेवारी २०२४ मध्ये लंडनला १२० च्या वर गिटारी काढल्या, ८८ लाख पौंड झाले, आणि आधीच जाहीर केलं होतं की पंचवीस टक्के ब्रिटिश रेड क्रॉस, टस्क ही वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था आणि ईशान्य इंग्लंडमधल्या एका मुलांच्या हृदयरोगाच्या संस्थेला. चौथाई तर चौथाई, पण आकडा सांगितला. बोली लावणाऱ्याला कळलं की आपल्या रुपयातले चार आणे कुठे चाललेत. 'काही भाग' म्हटलं की बोली चढते आणि तो भाग किती ते विचारायचं कुणाला सुचत नाही. विकायचा हक्क मेरी ऑस्टिनचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग त्याला दानाचा लिलाव म्हणू नये, मिळकतीचा लिलाव म्हणावा.

दुसरी मेख म्हणजे हातोडा कुठे पडला आणि बातमीत काय छापलं. पेपरात येणाऱ्या आकड्यात लिलावघराचा प्रीमियम धरलेला असतो, तो घेणाऱ्याने बोलीच्या वर भरायचा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या जेरी गार्सियाची 'वुल्फ' गिटार २०१७ मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांच्या संस्थेसाठी विकली गेली. बातमी १९ लाख डॉलरची, बोली १६ लाखांची. संस्थेचे ते सोळा. मग आणखी एका अनाम दात्याने तेवढेच घातले आणि संस्थेला ३२ लाख मिळाले. माझ्या व्याख्येने त्या लिलावात दाते दोन, गिटार विकायला देणारा मालक आणि हा अनाम. कारण अनामाने सोळा लाख दिले आणि घरी रिकाम्या हाताने गेला.

मिरजेची_जवारी

वुल्फचा विषय निघाला आणि तिचा कारागीर राहिला. ती बनवली डग अर्विनने, हाताने. गार्सियाने मृत्युपत्रात आपल्या गिटारी त्या कारागिरालाच परत दिल्या होत्या. बँडवाल्यांनी हरकत घेतली, भांडण कोर्टात गेलं, तडजोडीत वुल्फ आणि टायगर या दोन त्याच्याकडे आल्या. माणूस कफल्लक झालेला होता. २००२ मध्ये त्याने दोन्ही लिलावात काढल्या, टायगर साडेनऊ लाखांच्या वर आणि वुल्फ ७ लाख ८९ हजार डॉलरला. हा दानाचा लिलाव नव्हता. पण बनवणाऱ्याला त्याच्या वाद्याची अशी किंमत मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आमच्या मिरजेत बघा. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, तुणीचं लाकूड, मग महिनोन्महिने काम. शेवटी घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) जवारी काढताना, म्हणजे सूर घुमावा म्हणून ती घासताना, कान लावून बसलेला कारागीर बघितला आहे का कधी? कानशीचा एक हात जास्त पडला की सूर बसका. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण मोठ्या गवयाच्या हाती गेल्यावर वाद्याला जी किंमत चढते त्यातला छदामही कारागिरांच्या गल्लीत येत नाही.

आपल्याकडे असे लिलाव का होत नाहीत, हाही प्रश्न आहे. एक तर वाद्य शिष्याकडे जातं, नाहीतर घरात खोळीत राहतं, फार तर संग्रहालयात. पं. रविशंकरांची एक सतार घरच्यांनी २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली, लिलावात नाही काढली. गुरूचा तानपुरा बोलीवर चढवायचा म्हटलं तर अर्धं घराणं अंगावर येईल. शिवाय जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचं काम असतं, आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद. शंभर वर्षांच्या वरचं असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आडवा येतो, देशाबाहेरचं गिऱ्हाईक गेलंच. मग लाखाच्या बोली लावणार कोण?

बेसुरा_मी

जवारीताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा सरस. कारागिराचा मुद्दा तर काळजाला लागला.

आता माझ्या बाजूचा एक हुकमी पत्ता. २००५ मध्ये दोह्याला त्सुनामीग्रस्तांसाठी एक स्ट्रॅटोकास्टर २७ लाख डॉलरला गेली. ब्रायन ॲडम्सच्या पुढाकाराने तिच्यावर क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स, जिमी पेज, गिल्मर अशा सगळ्या बड्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आधी कतारच्या राजघराण्याने दहा लाखांना घेऊन परत दान केली, मग पुन्हा लिलावात काढली. त्या गिटारीवर यातल्या कुणी मैफल सोडा, एक गाणंसुद्धा वाजवलेलं नाही. सह्यांचा फळा तो! याला वाद्य का म्हणायचं?

खर्जातला

म्हणू नका. पण एवढ्या सगळ्या दिग्गजांची मिळून गेली काय, तर एक मार्कर पेन. दाता म्हणून मी कतारवाल्यांना मानतो. दहा लाख दिले आणि वस्तू परत केली. माझ्या व्याख्येत चपखल बसतात.

गजसुराचा_गज

व्हायोलिनवाल्यांच्या वतीने उलटं उदाहरण. 'लेडी ब्लंट' नावाचं १७२१ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस. कवी बायरनच्या नातीकडे होतं म्हणून हे नाव. जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने ते २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर विकायला काढलं, जूनमध्ये टॅरिसिओच्या ऑनलाइन लिलावात ९८ लाख पौंडांना गेलं, आधीच्या विक्रमाच्या चौपटीहून जास्त, आणि सगळी रक्कम मदतनिधीला. यात सही नाही, रॉकस्टार नाही, आणि गंमत म्हणजे ते इतकं मोलाचं का, तर तीनशे वर्षांत फारसं कुणी वाजवलेलंच नाही. वार्निशसुद्धा जवळपास जसंच्या तसं. गिटारीवर ओरखडे असले की भाव चढतो, आमच्याकडे ओरखडा नसला की चढतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत १७१४ चं 'योआखिम-मा' स्ट्रॅड (म्हणजे स्ट्रॅडिव्हेरियस) सदबीजने एक कोटी डॉलरच्या वर विकलं. पैसे बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला. एका बंद पेटीतल्या व्हायोलिनवर पुढची कित्येक वर्षं मुलं शिकतील. मला हा सौदा सगळ्यात आवडला.

स्वरांगण

पण मग ही सगळी वाद्यं तिजोरीत जातात त्याचं काय? वाद्य वाजायला हवं की नको? मला तर काचेमागची सतार बघवत नाही.

टेम्सकाठची

सगळीच जात नाहीत. जॉन लेननचा स्टाइनवे, ज्यावर त्याने 'इमॅजिन' रचलं, तो जॉर्ज मायकलने २००० मध्ये साडेचौदा लाख पौंडांना घेतला आणि दिवाणखान्यात अडकवून न ठेवता लोकांना बघायला दिला. अर्सेनेही आपला संग्रह शहरोशहरी फिरवला, प्रवेश फुकट, वर गायक बोलावून त्याच गिटारी वाजवायला दिल्या. २०२५ मध्ये तो वारला. धागाकर्ते त्याला नुसतं गिऱ्हाईक म्हणतात ते मला जरा कोरडं वाटतं.

खर्जातला

मान्य. गिऱ्हाईक म्हणूनच चांगला होता, असं म्हणू या.

मिरजेची_जवारी

@हिशेबनीस, कामाचं विचारते. आमच्याकडे काही जण कारागिरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी छोटा लिलाव करायचं म्हणताहेत. दोन-तीन गायकांनी आपले जुने तानपुरे द्यायची तयारी दाखवली आहे. हस्तिदंत नसलेले, तपासून घेतले आहेत. काय काय सांभाळायचं?

हिशेबनीस

ताई, छान कल्पना. थोडक्यात लिहितो, बाकी तुमच्या सीएला विचारा. गायकाकडून वाद्य न्यासाच्या नावे दिल्याचं पत्र आधी घ्या, त्यात घरच्या कुणाचा हक्क नाही हेही लिहून घ्या, नंतर पुतणे उगवतात. पत्रकावर पहिल्याच ओळीत छापा की मिळालेली सगळी रक्कम कोणत्या कामाला जाणार, आणि हॉलचं भाडं, चहापाणी त्यातून जाणार की वेगळं. जीएसटी लागतो का ते आधीच विचारून ठेवा. वाद्याची जवारी ज्याने काढली त्याचं नाव वाद्याच्या माहितीत घाला, ते कायद्याला लागत नाही पण घाला. बोली हरलेल्यांसाठी बाहेर एक टेबल मांडा, त्यांना तिथे साधी देणगी देता येईल, आणि ८०जी ची पावती फक्त त्यांनाच. तानपुरा घेणाऱ्याच्या पावतीवर 'विक्री' लिहा. त्याने कितीही गळ घातली तरी 'देणगी' लिहू नका, नाहीतर ऑडिटच्या वेळी तुमचा सीए आणि मी दोघं मिळून डोक्याला हात लावून बसू.

मिरजेची_जवारी

पुतण्यांचं आधीच सुरू झालंय. पत्राचा मसुदा उद्या व्यक्तिगत निरोपातून पाठवते.